अपूर्ण इतिहासाचा शेवट : ‘लोरेंझोज ऑइल’चे कथनरूप

प्रत्यक्ष घटनांवर आधारलेल्या कलाकृतीचा विचार करताना ती त्या घटनांशी कितपत प्रामाणिक राहिली, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. जॉर्ज मिलर दिग्दर्शित ‘लोरेंझोज ऑइल’ (१९९२) या चित्रपटाबाबत तो विचारला गेला, आणि त्याची उत्तरे प्रामुख्याने वैद्यकाच्या अभ्यासकांनी दिली. दुसरा प्रश्न मात्र साहित्यविचाराच्या कक्षेतला आहे. जो घटनाक्रम अद्याप संपलेला नव्हता, त्याला या चित्रपटाने शेवट दिला. तो आला कोठून?

ऑगस्टो ओडोने हे जागतिक बँकेत काम करणारे इटालियन अर्थतज्ज्ञ. मिकेला त्यांच्या अमेरिकन पत्नी. त्यांच्या लोरेंझो या मुलाला (जन्म १९७८) अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा दुर्मिळ आजार असल्याचे १९८४ साली निदान झाले. या आजारात अतिदीर्घ साखळीची मेदाम्ले शरीरात साठत जातात आणि मेंदूतील मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होऊ लागते. चालणे, बोलणे, पाहणे, गिळणे एकामागून एक थांबते. मुलाच्या हाती सुमारे दोन वर्षे आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या या दांपत्याने ग्रंथालयात बसून शोधनिबंध वाचले, शास्त्रज्ञांची परिषद घडवून आणली आणि अखेर ओलेइक व एरुसिक आम्लांपासून बनवलेल्या तेलाचे मिश्रण सिद्ध करवून घेतले. त्यातील एरुसिक आम्ल म्हणजे आपल्याकडच्या मोहरीच्या तेलातही आढळणारा घटक. लोरेंझोच्या रक्तातील त्या मेदाम्लांचे प्रमाण या मिश्रणाने सामान्य पातळीवर आले. चित्रपट सांगतो ती कथा एवढी.

ही कथा सांगताना मिलर पडद्यावर पुनःपुन्हा महिना आणि वर्ष लिहून दाखवतो. हेडन व्हाइट यांनी कालक्रमिका आणि कथन यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कालक्रमिका नुसती थांबते. कथन मात्र समाप्त होते, आणि त्या समाप्तीत घटनांना नैतिक अर्थ प्राप्त होतो. ‘लोरेंझोज ऑइल’ने कालक्रमिकेचा पेहराव घेतला आहे, पण त्याची ओढ कथनाकडे आहे. तारखांमुळे जे दाखवले जाते ते इतिहास वाटते, आणि त्या इतिहासाचा कल मात्र शोधकथेच्या संकेतांनी ठरलेला असतो: कोडे, चुकीचे माग, अडवणारे अधिकारी, एकाकी शोधक, उलगडा. ऑगस्टो कागदाच्या पिना एकमेकींत अडकवून मेदाम्लांची साखळी समजून घेतो, तो या रचनेचा उत्कर्षबिंदू होय. एकच विकर दोन्ही साखळ्या वाढवत असेल, तर त्याला दुसऱ्या कामात गुंतवले की पहिले काम मंदावेल, हे जीवरसायनशास्त्रातले तत्त्व प्रेक्षकाला त्या पिनांमुळे कळते. ज्ञान घडण्याची प्रक्रिया इतक्या नाट्यमयतेने दाखवणारी दृश्ये चित्रपटमाध्यमात विरळाच.

याच ठिकाणी रसव्यवस्थाही बदलते. नाट्यशास्त्रात भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील सीमारेषा आशेच्या आधारे आखली आहे: करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. पुनर्मीलनाची शक्यता उरली की शोकाची जात बदलते. आजारी अपत्याच्या कथेत ही सीमा सतत सरकत असते, कारण मूल समोर असते आणि हरवतही असते. मिलरने या अस्थिर शोकाला उत्साहाची, म्हणजे वीराच्या स्थायिभावाची, दिशा दिली. मात्र हे संक्रमण पूर्ण होण्यापूर्वीचे एक दृश्य त्याच्या ताब्यातून निसटते, आणि ते या चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य आहे. झटक्यांनी पिळवटलेल्या मुलाला कवटाळून मिकेला त्याच्या कानात सांगते की, सोसवत नसेल तर त्याने बाळ येशूकडे निघून जावे. सुझन सरँडन हे पुटपुटल्यासारखे म्हणते. तेथे शोध नाही, तेल नाही, उत्साहही नाही. केवळ निरपेक्ष करुण आहे. पुढची कथा या वाक्याकडे परतत नाही. तिला ते परवडणारे नव्हते.

मिकेलाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून जातो. लोरेंझोला तो आईकडून मिळाला. मिकेलाची कठोरता, परिचारिकांना घालवून देणे, बहिणीशीही कडवटपणे वागणे, या सर्वांच्या मुळाशी ही वाहकत्वाची जाणीव आहे. बापाच्या वाट्याला बुद्धी आणि आईच्या वाट्याला अपराधभाव, ही विभागणी मेलोड्रामाची जुनी आहे. सरँडनच्या अभिनयाने ती बरीचशी झाकली जाते, पुसली जात नाही.

वीरकथेला प्रतिपक्ष लागतो. चित्रपटात तो दोन रूपांत येतो: पालकांची संघटना चालवणारे मस्कॅटिन दांपत्य आणि प्राध्यापक निकोलाइस. पीटर उस्तीनोव्ह यांनी साकारलेल्या निकोलाइसच्या मागे ह्यूगो मोझर हे या आजाराचे अग्रगण्य संशोधक उभे आहेत, हे सर्वश्रुत आहे. मिलर स्वतः वैद्यकाचा पदवीधर. त्यामुळे निकोलाइसचा युक्तिवाद त्याने विद्रूप केलेला नाही. आपली जबाबदारी एका मुलाशी नसून आज आजारी असलेल्या आणि पुढे जन्मणाऱ्या सर्व मुलांशी आहे, हे तो स्पष्टपणे मांडतो. परंतु युक्तिवाद न्याय्य असूनही पात्ररचनेने त्याला पराभूत केले जाते, कारण प्रेक्षकाची घाई लोरेंझोच्या बाजूने असते आणि पुराव्याची वाट पाहणारा मनुष्य पडद्यावर नेहमीच निर्दय दिसतो. वस्तुतः मोझर यांनीच त्या तेलाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर इतिहास थांबला नाही. १९९३ साली या आजाराचे जनुक सापडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, आजाराच्या प्रौढ वयात दिसणाऱ्या प्रकारात तेलामुळे रक्तातील मेदाम्ले घटली, पण रुग्णांच्या स्थितीत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. रक्त सुधारते आणि मज्जासंस्था ढासळतच राहते, ही शक्यता शोधकथेच्या तर्कात बसत नाही. तेथे आलेख खाली आला की विजय झालेला असतो. २००५ साली मोझर आणि सहकाऱ्यांनी लक्षणे न दिसणाऱ्या ८९ मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तातील मेदाम्ले तेलाने खाली राहिली, त्यांच्यात मेंदूचा विकार उद्भवण्याचा धोका कमी आढळला. मात्र तुलनेसाठी तेल न दिलेला गट त्या अभ्यासात नव्हता. म्हणजे निकोलाइस पूर्णपणे चुकला नव्हता आणि ओडोनेही पूर्णपणे चुकले नव्हते. असा निष्कर्ष पटकथेला देता आला नसता.

मिकेला २००० साली वारली, मोझर २००७ साली. लोरेंझो ३० मे २००८ रोजी, तिसावा वाढदिवस उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी वारला. दोन वर्षांचे भाकीत दोन दशकांहून अधिक काळ खोटे ठरले. यातले तेलामुळे किती आणि अहोरात्र चाललेल्या शुश्रूषेमुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. ऑगस्टो २०१३ साली गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात नवजात बालकांची या आजारासाठी तपासणी सुरू झाली. वाळलेल्या रक्ताच्या थेंबावर तिचे निदान करता यावे यासाठीचे मूलभूत काम बाल्टिमोरला, मोझर यांच्याच संस्थेत झाले होते. चित्रपटातील प्रतिपक्षाची संथ पद्धत अशी उशिरा फळाला आली.

या पार्श्वभूमीवर अखेरच्या दृश्यमालिकेकडे पुन्हा पाहावे लागते. तेल घेणारी खरीखुरी मुले तेथे एकामागून एक येतात; नटांचा चित्रपट संपून माहितीपट सुरू होतो. प्रेक्षागृहात डोळे पाणावतात ते येथे. युक्तिवाद म्हणून मात्र ही मालिका सर्वांत दुबळी आहे. निरोगी चेहरा हा पुरावा नव्हे, आणि तेल न मिळता निरोगी राहिलेल्या मुलांना त्या मालिकेत जागा नाही. व्हाइट यांच्या परिभाषेत, कालक्रमिकेने थांबायचे तेथे कथनाने समाप्ती आणली, आणि तिच्यासाठी जिवंत मुलांचे वर्तमान खर्ची घातले.

त्या मालिकेच्या अगोदर चित्रपटाजवळ वेगळा शेवट होता. अंथरुणाला खिळलेला लोरेंझो पापण्या मिटून आणि करंगळी हलवून ‘होय’ अथवा ‘नाही’ सांगू लागतो. येथे रोगमुक्ती नाही. तेल काय करू शकते याहून ते काय करू शकत नाही, हेच या दृश्यात अधिक दिसते. बालपणीचा मित्र ओमूरी त्याच्याजवळ असतो आणि दिवस पुढे सरकत असतात. १९९२ साली ठाऊक असलेले सत्य एवढेच होते.

अमेरिकेत २०२२ साली या आजारासाठी जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तो घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले.