कर्ण्याचा ग्रामोफोन : जुन्या यंत्रांतील विजोड भागांची ओळख

ध्वनिमुद्रिकेवरील आवाज बाहेर बसविलेल्या कर्ण्यातून ऐकविणारे, चावीवर चालणारे यंत्र. सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये मिळविले. भारतात १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान व इतर कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. त्यानंतर या यंत्राचा प्रसार वाढला. आज मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी ‘जुने’ म्हणून मिळणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी निरनिराळ्या काळांतील भाग जुळवून तयार केलेली असतात. त्यामुळे कालनिश्चितीपूर्वी प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अगदी आरंभीच्या यंत्रांत साउंडबॉक्स कर्ण्याच्या टोकालाच जोडलेला असून कर्णा पुढे आलेल्या दांड्यावर टेकलेला असे. १९०३ च्या सुमारास निमुळती ध्वनिनलिका प्रचारात आली. कर्णा पेटीमागील कंसावर बसू लागला आणि त्याचा भार सुईवर पडेनासा झाला. जुन्या साउंडबॉक्समधील पटल अभ्रकाचे असे. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाल्यावर धातूचे पटल रूढ झाले. म्हणून १९१० च्या सुमाराच्या यंत्रावर धातूच्या पटलाचा साउंडबॉक्स आढळल्यास तो मागाहून बसविलेला समजावा.

ध्वनिमार्गाचा व्यास साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत क्रमाने वाढत गेला पाहिजे. नलिका व कर्णा यांच्या सांध्यात तो एकाएकी आकुंचन पावत असेल किंवा सांधा सैल असेल, तर दोन्ही भाग एकाच यंत्राचे असण्याचा संभव कमी. नकली कर्णे बहुधा पातळ, झगझगीत पितळी पत्र्याचे असतात. मात्र पितळी कर्णे मूळ यंत्रांनाही असत. त्यामुळे केवळ धातूवरून निर्णय करू नये. पेटी उघडून आत पाहणे अधिक उपयुक्त ठरते. बुजविलेली स्क्रूची भोके, चावीसाठी नव्याने पाडलेले छिद्र व सुटकेसवजा ग्रामोफोनमधील लहान मोटर या खुणा सहसा लपत नाहीत. श्वानाचे सुप्रसिद्ध चिन्ह मात्र सहज चिकटविता येते. त्याला पुरावा मानू नये.

प्रत्येक विजोड भाग फसवणुकीचाच असतो असे नाही. तुटलेली कमान किंवा तडकलेले अभ्रक बदलणे ही नेहमीची दुरुस्ती होय. चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या सागाच्या प्रदेशात खराब झालेली पेटी गावच्या सुताराकडून सागवानात नव्याने करवून घेणे सहज शक्य असते. अशा वेळी पेटी नवी व आतील यंत्र मूळचे असू शकते. ही दुरुस्ती त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग होय. संग्रहालयाच्या नोंदीत मूळ, बदललेले व नवे भाग वेगवेगळे नमूद करावेत, तसेच काढलेले भाग टाकून न देता जपून ठेवावेत. अन्यथा जुळविलेले यंत्रच पुढील अभ्यासकांस अस्सल नमुना वाटण्याचा धोका असतो.