‘उषःकाला’चें सहवाचन

कादंबरी म्हणजे एकांतांत, मनांतल्या मनांत वाचावयाची वस्तु, असा आपणां सर्वांचा आतां समज झाला आहे. परंतु मराठी कादंबरीचा पाया ज्या काळीं पक्का झाला, त्या काळीं ती पुष्कळ घरांतून एकानें वाचावयाची व इतरांनीं ऐकावयाची असे. या जुन्या रीतीचा अनुभव घ्यावा म्हणून येरवड्यांतील आम्ही सातआठ शेजारी गेल्या चातुर्मासापासून दर रविवारीं सायंकाळीं एकत्र बसतों आणि हरि नारायण आपटे यांच्या शिवकालावरील ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’ व ‘सूर्यग्रहण’ या तीन कादंबऱ्या क्रमानें वाचतों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आपट्यांचा येरवड्याशीं संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. डेक्कन कॉलेज १८६८ सालीं येथील दगडी इमारतींत आलें. टिळक व आगरकर तेथेंच शिकले, आणि १८८३ सालीं मॅट्रिक झालेले आपटेही कांहीं काळ याच कॉलेजांत होते. गणितानें वाट अडविल्यामुळें त्यांना पदवी मिळाली नाहीं. परंतु इंग्रजी कथावाङ्मयाचें त्यांचें वाचन दांडगें होतें, आणि १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें, तेव्हां तें पुरेपूर उपयोगीं पडलें. हें पत्र १९१७ पर्यंत चाललें. ‘पण लक्षांत कोण घेतो’ही त्यांतूनच प्रकरणशः निघाली आणि ‘उषःकाल’ही, १८९५ पासून १८९७ पर्यंत.

आपट्यांवर पाल्हाळाचा आरोप फार जुना आहे. लेखक मध्येंच थांबून वाचकाला हांक मारतो, मागचें पुनः सांगतो, पुढचें लांबवितो, याचा आम्हांलाही विद्यार्थिदशेंत कंटाळा येत असे. मोठ्यानें वाचूं लागल्यावर मात्र या दोषाचें मूळ ध्यानांत आलें. मागच्या रविवारीं न आलेल्या शेजाऱ्यास कथेचा धागा सांपडून देण्याचें काम आम्हांला एकदांही करावें लागलें नाहीं. तें लेखकानें स्वतःच करून ठेविलें होतें. आठ दिवसांच्या अंतरानें, घरकामाच्या गडबडींत ऐकणाऱ्या माणसांसाठीं हें लेखन होतें. एका बैठकींत डोळ्यांनीं सर्व ग्रंथ संपविणाऱ्यास तें लांबट वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु खरा वाद शैलीवरून झाला नाहीं. ‘उषःकाला’ंतील सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा हे विजापूरकरांचे इमानी चाकर, आणि त्यांचे पुत्र नानासाहेब यांचें मन शिवाजीच्या उद्योगाकडे ओढलेलें. आमच्यांतील एक वृद्ध गृहस्थ सर्व हयात सरकारी नोकरींत घालविलेले. ते म्हणाले, “ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं बेइमानी कशी करावी? अप्पांचें काय चुकलें?” यावर कॉलेजांत शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “पण आजोबा, तें मीठ तरी आलें कोठून? रयतेच्या घरूनच ना?” बराच वेळ कोणी बोललें नाहीं. त्या दिवशीं वाचन पुढें झालेंच नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या मनांत आलें, की १८९५ सालच्या पुण्यांत हा प्रश्न किती घरांत असाच उभा राहिला असेल! ‘करमणुकी’चे पुष्कळ वर्गणीदार सरकारचें मीठ खाणारे होते. आमचे पणजोबा मामलेदार कचेरींत कारकून होते व ‘करमणूक’ वाचीत, एवढें घरांत सांगितलें जातें; मुलांना रंगराव अप्पांचीं प्रकरणें वाचून दाखवितांना त्यांचा स्वर कसा होत असेल, हें मात्र सांगणारें कोणी उरलें नाहीं. शिवाजीची गोष्ट तेव्हां केवळ करमणुकीची नव्हती. १८९५ सालींच रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ टिळकांनीं हातीं घेतली, आणि १८९६ त शिवजयंतीचा उत्सव रायगडावर झाला. पुढें ज्या १८९७ सालीं ‘उषःकाल’ पुरी झाली, त्याच सालीं प्लेगनें पुणें हवालदिल झालें, जून महिन्यांत रँडचा वध झाला, आणि ‘केसरी’ंत आलेल्या शिवाजीविषयक मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या शिक्षेचा कांहीं काळ ते येथल्याच, येरवड्याच्या तुरुंगांत होते. १८९८ च्या एप्रिलांत दामोदर चापेकर फांशीं गेले तेही येथेंच.

नदीपलीकडे घरोघर स्वराज्याची कथा सुखानें वाचली गेली, आणि नदीअलीकडे त्याच नांवाचें मोल तुरुंगांत द्यावें लागलें. आपट्यांनीं राजद्रोहाचें एक अक्षर लिहिलें नाहीं. बापलेकांचा एक कलह लिहिला, आणि इमान कोणाशीं राखावें हा प्रश्न प्रत्येक ओसरीवर नेऊन ठेविला. एकट्यानें वाचणारा असा प्रश्न ओलांडून पुढचें पान उलटूं शकतो. चारचौघांत बसलेल्यास, शेजारचा आपल्या तोंडाकडे पाहत असतांना, तें इतकें सोपें नसतें. सहवाचनाची खरी थोरवी आम्हांला येथें दिसली.

‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली. हातीं घेतलेलें हें काम आपट्यांच्या हातून पुरें झालें नाहीं, आणि १९१९ सालीं ते वारले. शेवट नाहीं हें ठाऊक असूनही ती वाचावयाची, असें आमच्या मंडळींनीं ठरविलें आहे. मात्र त्याआधीं एक रविवार मागें जावयाचा आहे. त्या वृद्ध गृहस्थांनीं स्वतः होऊन सुचविलें, की रंगराव अप्पांचीं प्रकरणें पुनः एकदां वाचूं या, आणि या खेपेस तीं त्या मुलीनें वाचावीं.