पकडीचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांत म्हाताऱ्या माणसांपुढं हुतुतूचा विषय काढला, की पहिलं नाव चढाईवाल्याचं निघतं. कुणी एका दमात पाच गडी मारून आला, कुणी अंगावर चौघं पडलेली असताना मधल्या रेषेला बोट लावलं. अशा चढाया ज्यांनी अडवल्या त्यांची नावं विचारली, तर ‘होते की चार-दोन दांडगे’ एवढ्यावर भागतं आणि गोष्ट पुन्हा चढाईवाल्याकडे वळते.

आमचे बप्पा, म्हणजे माझे चुलत आजोबा, त्या चार-दोन दांडग्यांपैकी एक. त्यामुळे आमच्या घरात हुतुतूची गोष्ट धरणाऱ्याच्या बाजूनं सांगितली जाई. बप्पांचं बालपण निजामाच्या राज्यात गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, पण शाळेत नव्हते. रझाकारांच्या भीतीनं संध्याकाळनंतर पोरांना कुणी वेशीबाहेर जाऊ देत नसे. ती भीती गेली तसे गावोगावचे डाव पुन्हा रंगू लागले, असं ते सांगत. नगद नारायण महाराजांचा हा गड म्हणजे या मुलखाची धाकटी पंढरी. ज्याला पंढरपूर गाठता येत नाही तो आषाढीला गडावर येतो. एकादशीला दर्शन, आणि बारशीला उपास सुटला की जमलेल्या पोरांचा नांगरटीत डाव, हे बप्पांचं वर्षाचं वेळापत्रक.

त्यांचा खरा खेळ मात्र गडापासून लांब, उसाच्या फडात घडला. दिवाळी सरली की आमच्याकडच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन नगर, सातारा, कोल्हापूरकडे निघत. दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून रात्री कोपीपुढं आडवं व्हायचं सोडून ही पोरं चांदण्यात रेघा मारत. एका हंगामात कोल्हापूरकडच्या पोरांनी आमच्या टोळीला धू धू धुतलं. बप्पा म्हणत, ‘‘आपल्यात ताकद लै हुती रे, पन सात जनं सात तोंडाला. त्येंचे सात जनं एक हुते.’’

ते ‘एक होणं’ बप्पांनी उचललं. डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं, शेजाऱ्याच्या हातात हात. चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळे खोटं बोलतात. कंबर बघायची, कंबर वळली की पाय तिकडेच जाणार. त्याचा पाय आत आला की घोटा धरायचा आणि धरल्यावर सोडायचा नाही. सगळ्यात अवघड ते वाट पाहणं. कोपऱ्यातला गडी घाईनं झेपावला आणि हुकला, तर स्वतः बाद होतो आणि साखळीला भोक पाडून जातो. म्हणून चांगला धरणारा बराच वेळ काहीच करत नाही, आणि बघणाऱ्याला तेच दिसत नाही.

बप्पांना कुठल्या संघटनेचा पत्ता नव्हता, पण त्यांच्या खेळाला तोवर कागद मिळाला होता. १९२० च्या दशकात पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांनी हुतुतूचे, म्हणजेच कबड्डीचे, नियम बसवायला घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला. शंकरराव तथा बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. बप्पांनी ती बातमी रेडिओवर ऐकली आणि विचारलं, ‘‘कोपऱ्यात कोन हुतं?’’ ते रेडिओनं सांगितलं नव्हतं.

धरणाऱ्याचं नाव बातमीतून गळणं ही काही आपल्याच मुलखाची खोड नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, जिथं चेंडू हातात घेऊन धावतात आणि समोरचे अकरा जण अंगावर येऊन अडवतात, तिथं डीकन जोन्स नावाचा एक बचावपटू होऊन गेला. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्या लोकांच्या गावी १९३८ मध्ये जन्मलेला. कॉलेजात असताना नागरी हक्कांच्या निदर्शनात गेला म्हणून त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या संघानं त्याला निवडलं ते चौदाव्या फेरीत, म्हणजे बाकीच्यांनी नको म्हटल्यावर. पुढं रॅम्सच्या बचावफळीतल्या चौघांची अशी दहशत बसली, की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला उभं राहायला फुरसत मिळेना. क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागच्या मागं लोळवायचं, हे जोन्सचं काम. १९७४ ला तो थांबला. अशा लोळवण्याची अधिकृत नोंद तिथल्या लीगनं सुरू केली १९८२ मध्ये! म्हणजे अख्खी कारकीर्द गेली आणि त्याच्या खात्यावर अधिकृत आकडा शून्य. संशोधकांनी जुनी कागदपत्रं, चित्रफिती चाळून त्याचा हिशेब लावला तो १७३.५ इतका. बहुतेक सगळ्या बचावपटूंच्या वर, पण अधिकृत नाहीच.

त्या आकड्यातला अर्धा मला फार आवडतो. दोघांनी मिळून लोळवलं, तर तिथं प्रत्येकाला अर्धा गुण मांडतात. धरणं हे एकट्याचं काम नसतं, हे त्यांच्या वहीनं निदान अर्ध्यापुरतं तरी मान्य केलं.

आपल्याकडे २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि धरणाऱ्यालाही आकडा मिळाला. तिघं किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईवाल्याला धरलं तर दोन गुण, म्हणजे अव्वल पकड. २०१५ मध्ये यू मुंबा संघानं विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांच्या बचावफळीत मुंबईचा विशाल माने होता. इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबानं २०१८ मध्ये एक कोटी मोजले. पकडीचे ५०० गुण ओलांडणारा तो पहिला. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पलटणनं पहिल्यांदा करंडक उचलला. कर्णधार होता आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तोही चढाईवाला, हे सांगितलं पाहिजे. आणि फझलच्या पाचशेसमोर प्रदीप नरवालचे चढाईचे गुण सतराशेच्या वर आहेत, हेही. धरणाऱ्याचा भाव वाढला, पण मोजमापाची तागडी अजून चढाईकडेच झुकते.

ती का झुकते, हे बप्पांबरोबर टीव्हीवर सामने बघताना कळायचं. कोपऱ्यातल्यानं घोटा धरला, तोवर मधल्यानं धडक दिली, तिसऱ्यानं वरून कंबर बांधली. गुण एकाच्या नावावर. बप्पा पडद्याकडे बोट दाखवून म्हणत, ‘‘आन त्यो दुसरा? त्येचं काय?’’ मी आकडेवारी वाचून दाखवायचो. ते ऐकून घेत, पण त्यांचं समाधान होत नसे.

बप्पांची एक सवय माझ्या उशिरा ध्यानात आली. पकडीची गोष्ट सांगताना ते ‘मी धरला’ असं कधीच म्हणत नसत. घोटा आपल्याकडं होता, मग शेजारचा कोण होता, मागून कोण आला, रेषेजवळ पाय कुणी ओढला, अशी सगळी नावं ओळीनं घेत. त्यातले काही ऊसतोडीतच खपले, काही पुण्यामुंबईकडे गेले ते गेलेच. गावाला चढाईवाला आठवतो, कारण तो एकटा जातो आणि एकटा परततो. त्याची गोष्ट सांगायला सोपी. साखळीची गोष्ट सांगायची तर सात माणसं लक्षात ठेवावी लागतात. आपली वही एकाला गुण देते, अमेरिकेतली वही दोघांना अर्धा-अर्धा. बप्पांच्या हिशेबात प्रत्येक पकड अख्खी असे आणि ती सातांच्या नावावर पडे. या प्रकाराची आकडेवारी कुठल्याच लीगला ठेवता येणार नाही. ती ठेवायची असेल तर धरणाऱ्या म्हाताऱ्यांकडेच जावं लागेल, आणि जायचं तर लवकर.