पारा कुठवर उतरवायचा?

मार्च १९४४मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मोजला, तो १८६/१०८ भरला. हाताशी उपाय काय होते? कमी मिठाचं जेवण, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस. वयाबरोबर दाब चढणारच, तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, असं मानणारे नामांकित डॉक्टरही होते. मग किती उतरवायचा, हे कोण विचारणार? १२ एप्रिल १९४५ला मेंदूतल्या रक्तस्रावानं रूझवेल्ट गेले. त्या दिवशीची नोंद होती ३००/१९०.

पुढच्या इतिहासात मुंबईचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही, याची खंत वाटते. सर्पगंधेच्या मुळीनं दाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. १९५२मध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं.

हेच रेसरपिन डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी आणखी दोन औषधांच्या जोडीनं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वापरलं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. नेमानं गोळ्या घेणारेच निवडायचे होते, म्हणून आधी गोळीत रायबोफ्लेविन घालून दिलं आणि लघवी अतिनील दिव्याखाली चमकते का, ते तपासलं. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष या चाचणीत होते. १९६७मध्ये निकाल आला: पोकळ गोळ्यांच्या गटात २७ गंभीर घटना, औषधाच्या गटात दोन! १९७०मध्ये ९० ते ११४ दाबाच्या रुग्णांतही फायदा दिसला.

वरच्या आकड्याकडे मात्र बराच काळ काणाडोळा झाला. साठीपुढच्या रुग्णांत वरचा दाब १६०च्या पुढे असेल, तर तो उतरवल्यानं पक्षाघात तिसऱ्या हिश्शानं घटतो, हे कळायला १९९१ उजाडलं.

२०१५च्या ‘स्प्रिंट’ चाचणीनं तर १४० की १२०, असा थेट मुकाबला लावला. ९,३६१ माणसं, त्यांत मधुमेही कुणी नाही. १२०च्या गटात मृत्यू सुमारे पावपट कमी झाले, पण भोवळ आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. शिवाय इथे रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, यंत्रानं तीनदा मोजून सरासरी काढली होती. गर्दीच्या दवाखान्यात जिना चढून आलेल्याच्या दंडाला लगेच पट्टा आवळून मिळणाऱ्या आकड्याला ते लक्ष्य जसंच्या तसं लावणं चूकच.

२०१७मध्ये अमेरिकी संस्थांनी १३०/८० ही रेघ आखली. युरोपच्या तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी सांगितलं: आधी १४०/९०च्या खाली आणा, सोसलं तर १३०कडे जा.