लंडनचा हत्ती आणि मुंबईचा हत्ती

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या मुंबईच्या घरी कोकणातून चुलत-मावस भावंडांचा तांडा उतरे, आणि आल्या दिवसापासून सर्वांचा एकच हट्ट असे : राणीची बाग! मग एखाद्या सकाळी पोळीभाजीचे डबे, कैरीच्या फोडी आणि फिरकीचा तांब्या घेऊन आमची वरात भायखळ्याला निघे. वाघ-सिंह पाहून होईतो ऊन डोक्यावर येई. मग आजी आम्हांला बागेच्या तोंडाशीच असलेल्या म्युझियमच्या सावलीत घेऊन जाई. त्याच्या शेजारी एक भला थोरला दगडी हत्ती उभा आहे. आजी त्याला न चुकता हात जोडी. "आजी, हा काही देवळातला हत्ती नव्हे," असे आमच्यातल्या एका शहाण्याने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "नसेना का! घर सोडून आलाय रे तो. त्याची विचारपूस नको करायला?"

तेव्हा आम्ही हसलो. पुढे इतिहासाची पाने चाळू लागल्यावर कळले, की आजीने नकळत अगदी मर्मावर बोट ठेवले होते. संग्रहालयात येणारी प्रत्येक वस्तू घर सोडूनच येत असते. ती का आली, कोणी आणली आणि कोणासाठी मांडली, हेच खरे विचारायचे. या प्रश्नाचा माग काढत गेले, तर वाट थेट १८५१ सालच्या लंडनला पोहोचते.

त्या साली १ मे रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये एक महाप्रदर्शन उघडले. राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याचा त्यात पुढाकार होता. प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांचा १,८४८ फूट लांबीचा प्रासाद उभारला होता. त्याचा आराखडा जोसेफ पॅक्स्टन याने केला. हा गृहस्थ मूळचा माळी. बागेतली काचघरे बांधता बांधता त्याला ही विद्या साधलेली. उद्यानातले मोठमोठे एल्म वृक्ष न तोडता त्यांच्यावरूनच छप्पर घेतले होते. लोकांनी या इमारतीला 'स्फटिक महाल' असे नाव दिले.

आरंभी तिकिटांचे दर असे चढे, की गोरगरिबांनी लांबूनच पाहावे. पण २६ मेपासून आठवड्यातले काही दिवस एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला. आता हा अडाणी लोंढा आत शिरून काय दंगा करील, याची धास्ती पुष्कळ प्रतिष्ठितांनी घेतली होती. प्रत्यक्षात घडले ते निराळेच! गिरणीतले मजूर, खेड्यांतले शेतकरी, त्यांच्या बायका आणि मुले आगगाड्या भरभरून आली. शिदोऱ्या सोडून जेवली, यंत्रांपुढे तोंडात बोट घालून उभी राहिली आणि मुकाट घरी गेली. कॉर्नवॉलची ऐंशी ओलांडलेली एक म्हातारी तर इतक्या दुरून पायी चालत आली. ऑक्टोबरच्या मध्यावर प्रदर्शन मिटले तेव्हा भेटींचा आकडा साठ लाखांवर गेला होता. शिलकीत पडलेल्या सुमारे १ लाख ८६ हजार पौंडांतून साउथ केन्सिंग्टन येथे जमीन घेतली गेली आणि पुढे तेथे लंडनची मोठमोठी संग्रहालये उभी राहिली.

या प्रदर्शनात हिंदुस्थानचे दालन होते आणि त्यापुढे गर्दी हटत नसे. किनखाब, शाली, हस्तिदंती काम, शस्त्रे यांची तेथे आरास होती. हत्तीवरचा शृंगारलेला हौदाही होता. पण हौदा ठेवायचा कशावर? संयोजकांनी शोधाशोध केली, तेव्हा सॅफ्रन वॉल्डन या लहानशा गावच्या संग्रहालयात पेंढा भरलेला एक हत्ती सापडला. तो होता आफ्रिकेतला! त्याच्याच पाठीवर आपला हौदा चढला. सुपाएवढ्या कानांचा तो परका हत्ती लंडनकरांनी हिंदुस्थानी म्हणून डोळे भरून पाहिला.

जवळच एका पिंजऱ्यात कोहिनूर ठेवला होता. १८४९ साली पंजाब घेतल्यावर लाहोरच्या तहान्वये बालराजा दुलीपसिंगाकडून तो इंग्रजांच्या हाती गेला होता. लोक मोठ्या आशेने रांगा लावीत. पण हिरा म्हणावा तसा चमकेना. लोक हिरमुसले. पुढल्याच वर्षी तो नव्याने तासून घेतला गेला आणि त्याचे वजन पुष्कळ घटले. परक्या डोळ्यांना दिपवण्यासाठी एखाद्या वस्तूला आपले अंगसुद्धा गमवावे लागते ते असे.

आता मुंबईकडे वळू. १८५५ साली पॅरिसला असेच प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांतले जोडनमुने येथे ठेवून घेऊन कोटातल्या टाउन बराकीत एक संग्रहालय थाटले गेले. हेतू काही निव्वळ ज्ञानाचा नव्हता. या मुलुखात काय पिकते, काय विणले जाते, व्यापाराला काय उपयोगी पडेल, हे एका छपराखाली दिसावे, हा सरकारचा रोकडा हिशेब होता. १८५७ साली उत्तरेत बंडाचा वणवा पेटला आणि बराकीतून हा संग्रह घाईने टाउन हॉलमध्ये हलवावा लागला.

येथून गोष्टीला वळण लागले. संग्रहाला स्वतःचे घर हवे, म्हणून तीन माणसांनी कंबर कसली : क्यूरेटर जॉर्ज बर्डवुड, नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. लंडनला तो स्फटिक महाल गजबजला होता, त्याच १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. दिवसा रोगी तपासावेत आणि उरल्या वेळात जुने शिलालेख व नाणी वाचावीत, असा त्यांचा व्यासंग. या मंडळींनी शहरातल्या धनिकांकडून वर्गण्या जमवल्या. १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचे मोल आले होते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेअरांच्या सट्ट्यात कित्येकांची घरे बसली. भाऊ दाजींनाही त्याची जबर झळ लागली. त्याच वर्षी जुलैअखेर नाना शंकरशेटांनी डोळे मिटले. ज्या वास्तूसाठी ते झटले, ती पुरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अखेर १८७२ साली, २ मे रोजी, ऐन उन्हाळ्यातच संग्रहालयाचे दरवाजे उघडले. भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षे जगले. वास्तूला नाव मिळाले ते राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे.

आणि आमचा दगडी हत्ती? तो घारापुरीचा. बेटाच्या धक्क्यापाशी तो उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८१४ साली त्याची मान आणि मस्तक निखळले. पुढे त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना तो भंगला, असे सांगतात. त्याचे तुकडे १८६४ साली बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली सांधून पुन्हा हत्ती उभा केला. नीट पाहिले तर सांधे अजून दिसतात.

पाहा तर! लंडनचा हत्ती सबंध होता, पण खोटा. मुंबईचा तुकड्यांचा, पण खरा. एकाने दुसऱ्याच देशाचे सोंग घेतले. दुसरा आपल्या बेटापासून चार कोसांवर का होईना, आपल्याच समुद्राच्या वाऱ्यात राहिला. मला वाटते, त्या संग्रहालयाचेही तसेच झाले. ते उभारताना मनात साम्राज्याचा व्यापार होता, पण त्यात जीव ओतला तो याच मातीतल्या माणसांनी. हे ऋण फेडायला शंभरावर वर्षे लागली. १९७५ साली त्या वास्तूला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. पुढे पाच वर्षे खपून तिचा जीर्णोद्धार झाला. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशियाई सन्मान मिळाला आणि २००८ साली ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

आज दिवाळीचा फराळ पुढे आहे आणि उन्हाळा अजून लांब आहे. पण तो येईल, सुट्टी लागेल, मुले हट्ट धरतील. तेव्हा त्यांना एखादे म्युझियम, एखादा किल्ला जरूर दाखवा. पाट्या वाचून दाखवल्या नाहीत तरी चालेल. फक्त एक करा : एखाद्या वस्तूपुढे घटकाभर थांबून मुलांना विचारू द्या, "हिचे घर कोठले? ती येथे कशी आली?"

आमची आजी शाळेत गेली नव्हती. पण म्युझियम कसे पाहावे, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.