तेरचं कापड, रोमचं सोनं

गोरोबाकाकांचं तेर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं 'तगर'. 'पेरिप्लस' लिहिणारा ग्रीक व्यापारी सांगतो, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवरच्या तगरहून जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांनी भडोचला जाई. रस्ते कसले, नुसती रानवाट! तिथून माल जहाजानं रोमन साम्राज्यात. बदल्यात मद्य आणि सोन्या-चांदीची नाणी. रोमचा प्लिनी तर कुरकुरतो, हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्या, त्यामुळे मला या हिशेबाची भारी गंमत वाटली. नावे त्यांच्याकडे, जमा आपल्याकडे!

तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. नांदूरघाटहून कळंबमार्गे तेरला दर्शनाला मी कितीदा गेलो, पण संग्रहालयात शिरलो ते निवृत्तीनंतरच.