वाँटेजमधल्या रमाबाई

आमच्या शेजारच्या घरात दिवेलागणीनंतर तेर्स सुरू होतो. लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे परवचा आणि भीमरूपी, त्यांच्याकडे तेर्स. भिंत एकच, त्यामुळे त्यांना आमचं पाठ आणि आम्हाला त्यांचं. मागे एकदा पावसाळ्यात शेजारणीचा थोरला मुलगा पोर्तुगालात शिकायला गेलेला असताना न्यूमोनियाने आजारी पडला. बातमी कळल्यावर मी धीर द्यायला म्हणून गेलो, तर तीच मला चहा देत म्हणाली, "तो थंय एकटो ना रे. सायबीण आसा न्हय ताच्या वांगडा."

पोरगा यथावकाश बरा झाला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. परमुलखात, शिकायला गेलेलं असताना, आजारपणात माणूस श्रद्धेवर भार टाकतो म्हणजे नेमकं काय करतो? घरी येऊन कपाटातून पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचं जाडजूड पुस्तक काढलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेली ही पत्रं अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ साली ती छापून आली. पत्रं इंग्रजीत आहेत. मराठी माणसाने ती वाचायला हवीत, पण फारसं कुणी वाचत नाही. आपल्याला रमाबाई एक तर 'मुक्ती'च्या म्हणून पूज्य असतात, नाही तर 'बाटल्या' म्हणून नकोशा. मधल्या रमाबाई या पत्रांत आहेत.

१८८३ च्या मे महिन्यात त्या इंग्लंडला पोचल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. आई-बाप आणि मोठी बहीण दुष्काळाच्या काळात गेले. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. बंगालमधले पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली कॉलऱ्याने गेले. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी बोटीच्या भाड्याची सोय केली. वाँटेज हे ऑक्सफर्डजवळचं गाव. तिथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठाची पुण्यात शाखा होती. मठाने राहायला-जेवायला द्यायचं आणि रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं, असा सरळ व्यवहार ठरला. फुकटचं काही नको, हा बाईंचा बाणा पहिल्यापासून होता. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वच्छ सांगितली होती, की आपण ख्रिस्ती होणार नाही. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. आदल्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना, या देशात बायकांना बाई डॉक्टरच हव्यात, असं त्यांनी सांगितलं होतं.

त्यानंतर जे घडलं ते वाचताना आजही घशाशी येतं. आनंदीबाई भगत यांच्या मनाने घेतलं की आपल्याला इथे जबरदस्तीने ख्रिस्ती करणार. त्या भीतीपोटी त्यांनी एका रात्री रमाबाईंचाच गळा दाबायचा प्रयत्न केला, आणि पुढे थोड्याच दिवसांत विष घेऊन स्वतःचा जीव दिला. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारं एकुलतं एक मोठं माणूस असं गेलं. ऑक्सफर्डचे माक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की या धक्क्याने रमाबाईंची प्रकृती इतकी खचली होती की त्या म्युलर यांच्या घरी राहत असताना त्यांच्या खोलीत रात्री एक मोलकरीण झोपवावी लागे.

आणि कान. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं. ज्याला रोग्याच्या छातीचे ठोके ऐकायचे, त्याचे कानच गेले तर काय उरलं? डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडला तेच दार बंद.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी, भगतबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, रमाबाई आणि मनोरमा यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. खचलेल्या बाईला जोगिणींनी गाठली, असं तेव्हा म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. आम्हा गोवेकरांना तर धर्मांतर म्हटलं की सोळाव्या शतकातली पाडलेली देवळं आणि इन्क्विझिशनच आठवतं, त्यामुळे हा आरोप आम्हाला पटकन पटतो. मलाही पटला होता. कॉलेजात असताना मी तावातावाने तसं बोललोही आहे.

पत्रं वाचल्यावर ते मत टिकलं नाही. एक तर बाई नुसत्या दुःखाने वळल्या नाहीत. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे, जे पुढे फादर नेहेम्या गोरे झाले, त्यांच्या लिखाणाने आपल्या बुद्धीचं समाधान झालं असं त्या सांगतात. दुसरं म्हणजे लंडनजवळ फुलहॅमला याच मठाचं, वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. तिथल्या बायकांना कुणी हिणवत नव्हतं, हे त्यांच्या मनात रुतून बसलं. आपल्या शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितल्यात हे त्यांच्याएवढं पाठ कुणाला होतं!

आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की खचलेली बाई ऐकून घेते. या बाईंनी काडीचं ऐकून घेतलं नाही. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र शिकायच्या. मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचं जमलं, कारण बीलबाई शंकांना घाबरत नसत. जेराल्डिन मात्र धर्ममाता. त्यांना लेकीने आज्ञेत राहावं असं वाटे. लेक विचारते, त्रिमूर्तीचं तत्त्व मला बायबलात दाखवा. लेक मांसाहार करत नाही, आणि सिस्टरांना वाटतं की हा जातीचा उरलेला ताठा. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, लॅटिन काय संस्कृतहून पवित्र आहे, माझ्या लोकांना ती भाषा कळते तरी का, हा प्रश्न तर माझा आवडता. (इथे मला आमचे राशोलचे फादर स्टीफन्स आठवले. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या त्या जेझुइटाला ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगावीशी वाटली आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. रमाबाईंचा प्रश्न त्यांना लगेच कळला असता.)

रमाबाईंनी काही पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नकार दिला, हिंदुस्थानात बोभाटा होईल म्हणून. बाई भडकल्या. ज्या बाईने भर सभेत शास्त्र्यांपुढे प्रवचनं दिली, तिला हे शहाणपण कोण शिकवणार? आपल्याकडच्या भटांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं तसलंच चढवून घ्यायची तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी जेराल्डिनना कळवलं. ज्यांच्या घरात आश्रय, ज्यांच्या हाती लेकीचा सांभाळ, त्यांना हे लिहायचं म्हणजे खायची गोष्ट नव्हे. जेराल्डिन यांच्यावरही मी राग धरू शकत नाही, एवढं सांगतो. तिने माया केली. पण मायेबरोबर आज्ञाही आलीच पाहिजे असं तिला वाटायचं, आणि ते आपल्याकडल्या सासवा-आयांनाही वाटतंच की.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं ११ मार्चचा फिलाडेल्फियातला पदवीदान समारंभ. दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी त्या दिवशी डॉक्टर झाल्या. हा प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एकीला डॉक्टर व्हायचं होतं, कानांनी दगा दिला. दुसरी डॉक्टर झाली, पण थंडी, ताप, घटसर्प यांनी तिथल्या मुक्कामात पोखरून निघाली होती. एक ख्रिस्ती झालेली. दुसरीने निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलं होतं, आणि ते पाळलं. आजारपणात दोघींनीही आपापल्या देवाला धरून ठेवलं. आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रमाबाई १९२२ पर्यंत जगल्या, बहिऱ्याच राहिल्या. कुणाची श्रद्धा खरी हे यावरून ठरवू पाहणाऱ्यांना मी हात जोडतो.

स्वतः रमाबाईंनीही आपल्या श्रद्धेचा हिशेब फार कडक मांडलाय. १९०७ साली लिहिलेल्या छोट्या आत्मकथनात त्या म्हणतात, की इंग्लंडात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे त्या आजारी, एकाकी दिवसांत ज्यावर भार टाकला ते अजून अर्धंच हाती आलेलं होतं, आणि तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. लॅटिनचा तो जुना हिशेब त्यांनी असा चुकता केला, असं आपलं मला वाटतं.

शेजारणीला मी हे सगळं एकदा कोंकणीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी तें भुरगें? ताका कोण पळयतालें?" मनोरमेबद्दल मी तोवर फारसा विचारच केला नव्हता. पुस्तक पुन्हा काढलं. छोट्या मनोरमेच्या प्रार्थनांबद्दल, तिला काय शिकवावं आणि काय नको याबद्दल, आई आणि जेराल्डिन यांची जी भांडणं आहेत, ती मी पहिल्या वाचनात भराभर उलटली होती.